फाडलेल्या रोख्याची वसुली

मी चहा नको म्हणालो आणि वाद सुरू झाला. 5 मार्च 2025, राख बुधवार, आमच्या चाळीस दिवसांच्या उपासाचा पहिला दिवस. अर्जुनीच्या स्टेशनाबाहेरची टपरी. गोंदियाकडची गाडी यायला अजून वेळ होता. आठवडाभरापूर्वी महाशिवरात्रीला प्रतापगडची यात्रा होऊन गेली होती, रविवारी पहिला रोजा झाला होता. टपरीवाला म्हणाला, "आता तुमचाही उपास? मग मी चहा पाजू कोणाला?" सगळे हसले. माझ्या शेजारी बसलेले सर मात्र हसले नाहीत.

सर म्हणजे जिल्हा परिषदेचे निवृत्त शिक्षक. दर वर्षावासात विहारात 'बुद्ध आणि त्याचा धम्म'चे वाचन होते, तेव्हा कठीण जागा उलगडून सांगायला लोक त्यांच्याकडेच पाहतात. माझा जन्म नागपूरच्या ख्रिस्ती घरातला, नोकरी बँकेतली, आणि बदलीच्या निमित्ताने अर्जुनीत आलो तो इथलाच झालो. वीस वर्षांची आमची बैठक. उपासाला सरांची हरकत नव्हती. हरकत होती उपासामागच्या कारणाला.

"साहेब, तुम्ही बँकेत होता म्हणून तुमच्याच भाषेत सांगतो," ते म्हणाले. "दोन हजार वर्षांपूर्वी एक माणूस क्रुसावर मेला. तुम्ही त्याला मर म्हणाला नव्हता. आता चाळीस दिवस त्याचे उपकार आठवत बसायचे. म्हणजे कर्ज मागितलं नाही, मुद्दल कोणी पाहिलं नाही, अन् व्याज मात्र पिढ्यान्‌पिढ्या. याला आमच्या बापजाद्यांनी वेठ म्हटलं असतं."

टपरीवरचे बोलणे टपरीवरच राहिले असते. पण महिन्याभराने एका वाचनकट्ट्यावर सरांनी हेच मुद्दे अधिक धार लावून मांडले, टाळ्याही घेतल्या. त्यात दोन मुद्द्यांची भर होती: एकाचे पाप दुसऱ्याने फेडणे हा विवेकाचा अपमान आहे, आणि रक्त पाहिल्याशिवाय न निवणारा देव मालगुजारापेक्षा वेगळा नाही. मी मागच्या खुर्चीत होतो. उत्तर द्यायला उठलो नाही, कारण मला तीन मिनिटांत बोलता येत नाही. म्हणून हा लेख.

सरांनी कर्जाची भाषा काढली ती चुकीची नाही. ती आमच्याच शास्त्रातली आहे, आणि मराठीत ती जरा जास्तच बोचते. बँकेत मी आयुष्यभर समोरच्याला विचारत आलो, "तारण काय आहे?" रविवारी चर्चमध्ये मला विचारले जाई, "तारण झाले का?" एकाच शब्दाने बँकेत धानाची बांधी अडकते आणि चर्चमध्ये माणूस सुटतो. तीच गत 'खंडणी'ची. मराठी शुभवर्तमानात येशू पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून देतो. आज पेपर वाचणाऱ्याला या शब्दाने गुंड आणि पोलीस ठाणे आठवते. प्रभूच्या प्रार्थनेतही आम्ही पापांची नुसती क्षमा मागत नाही. जुन्या मराठी पाठात आम्ही ऋण सोडण्याची विनंती करतो, आणि तीही एका अटीवर: आम्ही आमच्या ऋणकोंना सोडले आहे तशी.

ही अट सरांनी वाचलेली नाही. खरे सांगायचे तर आमच्यापैकीही फार थोड्यांनी वाचली आहे. ती आम्हाला पाठ आहे, एवढेच.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायात एक दाखला आहे. एका राजाचा चाकर दहा हजार तालांतांचे देणे लागतो. एक तालांत म्हणजे सुमारे 6,000 दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. हिशेब माझ्या हातचा मळ: सहा कोटी दिवसांची मजुरी. रोज कामावर गेला तरी माणसाला दीड लाखाहून जास्त वर्षे लागतील. राजा हप्ते बांधून देत नाही, व्याजात सूटही देत नाही. सगळेच सोडून देतो. चाकर बाहेर पडतो, आणि शंभर दिनार देणे लागणाऱ्या आपल्याच सोबत्याचा गळा धरतो. शंभर दिवस. 2005 च्या रोजगार हमी कायद्याने एका कुटुंबाला वर्षात जेवढ्या दिवसांच्या कामाची हमी दिली होती, तेवढे. राजा संतापतो तो इथे. चाकराने त्याला काही परत केले नाही म्हणून तो संतापलेला नाही. सुटलेल्या माणसाने दुसऱ्याला सोडले नाही, म्हणून.

सरांचा सावकार या गोष्टीत सापडत नाही. सावकार रोखा जपून ठेवतो. इथे रोखाच उरलेला नाही. पौलाने कलस्सैकरांना लिहिलेल्या पत्रात तर तो क्रुसावर खिळ्याने ठोकून रद्द केला आहे. कर्जाची भाषा वापरायची ती कर्ज संपल्याचे सांगण्यासाठी, आणि या दोन गोष्टींत अर्जुनीच्या सेवा सोसायटीतला कोणताही सभासद गल्लत करणार नाही. कर्जमाफीची यादी लागल्यावर नाव सापडलेल्या माणसाचा चेहरा मी काउंटरच्या आतून पाहिला आहे. त्या चेहऱ्यावर वेठ नव्हती. तो माणूस त्या दिवशी घरी जाताना मुलांसाठी जिलेबी घेतो. कृतज्ञतेचा पहिला आकार मला तरी तो वाटतो.

पण सरांना वेठ दिसली, ती कुठून? इथे मला माझ्याच माणसांशी भांडले पाहिजे, आणि हे भांडण जास्त कडू आहे.

गुड फ्रायडेला दुपारी 12 ते 3 आमच्याकडे येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांवर सात प्रवचने होतात. लहानपणापासून ऐकत आलो. चांगला प्रवचनकार असेल तर त्या तीन तासांसारखे दुसरे काही नाही. वाईट असेल तर तो फटके मोजतो. चामड्याच्या वादीला हाडाचे तुकडे कसे बांधत, पाठीचे मांस कसे निघे, खिळा तळहातात की मनगटात. बायका पदर डोळ्याला लावतात. आणि अश्रू पुरेसे जमले की तो वळतो: "त्याने तुमच्यासाठी एवढे केले, तुम्ही त्याच्यासाठी काय केले?" मग दानाची थैली फिरते. 1978 चा तेलुगू 'करुणामयुडू' हिंदीत 'दयासागर' होऊन आला, त्या काळापासून कित्येक मैदानांवर पडदा लावून हेच झाले आहे. 2004 मध्ये मेल गिब्सनच्या चित्रपटाने त्याला आणखी रक्त पुरवले.

शुभवर्तमाने हे करीत नाहीत. चारही लेखक क्रुसावर खिळल्याची घटना अर्ध्या-एका वाक्यात उरकतात. खिळे, मांस, वेदना यांचे वर्णन नाही. फटक्यांचा आकडा नाही. जो 'एकोणचाळीस' आपण छातीठोक सांगतो तो पौलाने स्वतःला बसलेल्या फटक्यांबद्दल लिहिलेला आहे. ज्यांनी हे पाहिले, किंवा पाहिलेल्यांकडून ऐकले, त्यांना ऐकणाऱ्याला अपराधी वाटायला लावण्याची गरज वाटली नाही. आपल्याला का वाटते? कारण अपराधी माणूस लवकर देतो. फाडलेल्या रोख्याची झेरॉक्स काढून तिच्यावर वसुली करणारा माणूस बँकेत असता तर मी त्याच्यावर गुन्हा नोंदवायला लावला असता. चर्चमध्ये त्याला आम्ही आत्म्याने भरलेला वक्ता म्हणतो.

म्हणजे सरांनी ज्या सावकाराला पाहिले तो खोटा नव्हता. तो आमच्या व्यासपीठावर उभा होता. सरांची चूक एवढीच की त्यांनी त्याला मालक समजले.

रक्त मागणाऱ्या देवाबद्दलही असेच आहे. खंडणी दिली तर कोणाला दिली, हा प्रश्न सरांच्या सोळाशे वर्षे आधी नाझियांझसचा ग्रेगरी या बिशपने विचारला होता. सैतानाला म्हणावे, तर दरोडेखोराला बक्षीस दिल्यासारखे होते. पित्याला म्हणावे, तर जो इसहाकाचा बळी घेईना तो स्वतःच्या पुत्राच्या रक्ताने कसा सुखावेल? ग्रेगरीला दोन्ही उत्तरे मान्य नव्हती. 325 आणि 381 च्या ज्या परिषदांतून ख्रिस्ती मताचा सांगाडा उभा राहिला, त्यांच्या मतांगीकारात 'आमच्यासाठी' एवढेच आहे. ते कसे, याचा सिद्धान्त नाही. देवाच्या अब्रूची भरपाई झाली पाहिजे, ही मांडणी आली 1098 च्या सुमारास, अन्सेल्मच्या ग्रंथात, आणि ती सरंजामी युरोपात शोभणारी होती. अन्सेल्म उथळ नव्हता, त्याच्या ग्रंथात फटके मोजलेले नाहीत. पण सरांना त्यात मालगुजाराच्या वाड्याचा वास आला असेल तर त्यांचे नाक तीक्ष्ण आहे, एवढे मी कबूल करतो. एका शतकातल्या वाड्याला मात्र त्यांनी सबंध गाव समजू नये.

उरला तो मुद्दा जो मला खरोखर अवघड वाटतो. एकाचे दुसरा कसे फेडील? ज्याचे त्यानेच उजळले पाहिजे. बाबासाहेबांनी लिहिले आहे की बुद्धाने मोक्षदाता असल्याचा दावा केला नाही, तो मार्गदाता राहिला. सरांचा सगळा युक्तिवाद या एका भेदावर उभा आहे, आणि भेद पक्का आहे.

उत्तर द्यायला मी सरांना नवेगाव बांधला नेतो. तो तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी याने बांधला असे सांगतात. सभोवतीच्या सात टेकड्यांना लोक सात बहिणी म्हणतात. त्यांनी कोलूला पाळ बांधायला हात दिला अशी श्रद्धा आहे, आणि कोलू स्वतः कोलासूर देव होऊन तिथेच बसला आहे. एक खोदणारा माणूस लोकांनी देव केला! या झाडीपट्टीत कोहळ्यांनी बांधलेल्या अशा तलावांवर, आज सरकारी कागदात ज्यांना माजी मालगुजारी म्हणजे 'मामा तलाव' म्हणतात त्यांच्यावर, पिढ्या जगल्या. माझ्या ताटातला भात ज्या पाण्यावर पिकला ते पाणी मी अडवलेले नाही. अडवणाऱ्याने माझे नाव ऐकलेले नव्हते. मी अर्ज केला नव्हता. विवेकाचा अपमान झाला का? रोवणीच्या वेळी पाऊस दडी मारतो आणि पाटाला पाणी येते, तेव्हा कोणी म्हणत नाही, "हे पाणी माझ्या कर्तृत्वाचे नाही, मी घेणार नाही."

कोलूचे ऋण फेडायचे म्हटले तर कोणाला फेडणार? त्याला काही पोचत नाही. पाळीवर बसून रडले तर तलाव भरत नाही. गाळ काढावा लागतो, पाळीला पडलेले भगदाड बुजवावे लागते, आणि वरच्या बांधीवाल्याने खालच्याचे पाणी तोडायचे नसते. ज्या गावांनी हे सोडले त्यांचे तलाव आज गुरे चरायच्या जागा झाले आहेत, कोलासुराला नारळ फुटत राहिले तरी.

सर म्हणतील, पाणी वेगळे आणि पाप वेगळे. मान्य. मग 14 एप्रिलकडे या.

2025 चा 14 एप्रिल आमच्या पवित्र सप्ताहातला सोमवार होता. आदल्याच दिवशी आम्ही झावळ्यांचा रविवार पाळला. संध्याकाळी मी जयंतीच्या कार्यक्रमाला गेलो, दरवर्षी जातो. तीन वक्ते बोलले. तिघांच्याही तोंडी एक शब्द सारखा येत होता: उपकार. बाबासाहेबांचे उपकार. सर पहिल्या रांगेत होते आणि मान हलवत होते. मला राहवले नाही. परत येताना विचारले, "सर, अर्ज कोणी केला होता?"

ते थांबले, म्हणून आणखी पुढे गेलो. गोंदिया जिल्हा 1999 मध्ये भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्याआधी आपण सगळे भंडाऱ्याचेच. त्याच भंडारा मतदारसंघातून 1954 च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब उभे राहिले आणि हरले. ज्यांच्यासाठी झिजले त्यांच्यातल्याही किती जणांनी आपल्याला मत दिले याचा हिशेब त्यांनी मागितला नाही. दोन वर्षांनी, 1956 मध्ये, नागपूरला त्यांनी धम्म दिला, तो मत देणाऱ्यांनाही आणि न देणाऱ्यांनाही. याला उपकार म्हणताना सरांना वेठ आठवत नाही. आठवू नये हेच बरोबर आहे. कारण सर रोज संध्याकाळी ओसरीवर गावातल्या पोरांना फुकट गणित शिकवतात. कोणाचे कर्ज फेडतात? बाबासाहेबांना त्यातला एक पैसाही पोचत नाही. पोचतो तो नवव्या वर्गातल्या एका मुलीला, जिचा बाप तेंदूपत्त्याच्या हंगामावर जगतो.

ख्रिस्ती कृतज्ञता याहून निराळी कुठे आहे, हे सरांनी मला दाखवावे. निराळी असलीच तर ती आम्ही बिघडवल्यामुळे आहे.

क्रुसावरचा बळी म्हणजे नुसते कोकरू नव्हे, हे पुण्यात दीडशे वर्षांपूर्वी एका माणसाने ओळखले होते. आमच्या वक्त्यांना 'बळी' म्हटले की वेदीवरचे कोकरू दिसते आणि सरांनाही तेच दिसते, म्हणून दोघांचे भांडण जमते. जोतीराव फुले यांनी 1873 च्या 'गुलामगिरी'त येशूला बळीराजाच्या रांगेत बसवले. मराठीत बळी जातो तोही बळी आणि ज्याच्या राज्याची शेतकरी वाट पाहतो तोही बळी. जोतीराव कधी ख्रिस्ती झाले नाहीत. पण वामनाने पाताळात दडपलेला राजा त्यांना त्या क्रुसावर दिसला. गळा पुढे करून निमूट मेलेला प्राणी त्यांना दिसला नाही.

आता मार्गदाता आणि मोक्षदाता. 1893 साल. कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने निघाले होते; ती गाडी आपल्या गोंदियावरूनच जाते. डब्यात भेटलेल्या एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. टिळकांना त्यात आधी पकडले ते रक्ताने नव्हे. डोंगरावरचे प्रवचन वाचता वाचता ते अडकले, म्हणजे मार्गातच अडकले. त्याच वर्षी, रेल्वेच्याच एका डब्यातून बाहेर ढकलला गेलेला एक तरुण वकील प्रिटोरियाला पोचला. तिथल्या मुक्कामात प्लिमथ ब्रदरन पंथाचा एक माणूस त्याला समजावू लागला: पाप तर होणारच, पण त्याची शिक्षा येशूने भोगली आहे, तुम्ही निश्चिंत व्हा. मोहनदास गांधींनी उत्तर दिले की मला पापाच्या परिणामातून सुटका नको, पापातूनच सुटका हवी.

सर हा प्रसंग माझ्याविरुद्ध वापरतात. मी तो माझ्या बाजूने वापरतो. त्या खोलीत गांधी बरोबर होते आणि प्लिमथचा भाऊ चूक होता, हे कोणत्याही ख्रिस्ती माणसाने बिनदिक्कत म्हणावे. ज्या येशूने शिष्यांना आपापला क्रूस उचलून मागे यायला सांगितले, त्याच्या मरणाचा अर्थ 'तुम्हाला आता काही करायला नको' असा कसा होईल? टिळकांना तो तसा लागला नाही. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा त्यांना मिळाले काही नाही. घर तुटले, पत्नी लक्ष्मीबाई आणि मूल दुरावले. दूध पावडरीसाठी धर्म बदलला, हा टोमणा ज्यांना अजून मारावासा वाटतो त्यांनी लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' काढून ती पाने वाचावीत. इतक्या हसत सांगितलेला इतका मोठा घाटा मराठीत दुसरा नाही. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे टिळक म्हणत. त्या पुलावरून एक शब्द त्यांच्यासोबत आला असावा असे मला नेहमी वाटते: उतराई. आपल्या संतांना देवाचे उतराई होता येत नाही याचे दुःख नाही, त्यात त्यांना एक लाडिक समाधान आहे. फेडता येत नाही म्हणून नाते टिकते. 'ख्रिस्तायन' हे काव्य टिळकांच्या हातून 1919 मध्ये अपुरे राहिले. ते पुरे केले लक्ष्मीबाईंनी, ज्यांना या सगळ्याची किंमत न विचारता मोजावी लागली होती.

सर अजून म्हणतात, मोक्षदाता हा शब्द मी टाकावा. टाकणार नाही. मला सोडवले गेले आहे असे मला वाटते, आणि ते मी युक्तिवादाने सिद्ध करू शकत नाही. पण सुटलेला माणूस लाचार असलाच पाहिजे, हे त्यांनी सिद्ध केलेले नाही. त्यांची ओसरी त्यांच्याविरुद्ध साक्ष देते.

राहिला माझा चहा. तो चाळीस दिवस सोडून मी काय साधतो, असे त्यांनी विचारले होते. यशया संदेष्ट्याच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात असाच प्रश्न आहे, आणि उत्तरात चहाला जागा नाही: जू मोडा, जखडलेल्यांना सोडा, आपली भाकर भुकेल्याला वाटून द्या. या दिवसांत इकडे मोह गळतो. पहाटे अंधारातच बायका टोपल्या घेऊन जंगलात शिरतात, वाघाची भीती असतानाही, आणि दिवसभर वेचलेले फूल वाळवून विकतात. त्यांच्यातल्या कित्येकींना बचत गटाचा हप्ता त्याच पैशातून भरायचा असतो. चाळीस दिवसांतले पंधरा तरी मी त्यांच्या मागून चाललो असतो तर उपासाला काही अर्थ आला असता. मी टपरीवर बसून होतो, चहा न पिता.

आणि एक गोष्ट. 2019 मध्ये एका ओळखीच्या माणसाने मुलीच्या लग्नासाठी माझ्याकडून हातउसने पैसे घेतले. नंतर त्याचे धान गेले, मग तो आजारी पडला, आता तो रस्त्यात मला पाहून गल्ली बदलतो. रक्कम मला पाठ आहे. तारीखही पाठ आहे. प्रभूची प्रार्थना मी रोज दोनदा म्हणतो. त्या चाळीस दिवसांत चहा सोडणे मला अगदी सोपे गेले.